शुक्रवारचा डबा

आमच्या साडूंइतका संकटांवर जीव असलेला माणूस उभ्या बडोद्यात झाला नाही. दुसरा होऊही नये. एकानंच आम्हा नातेवाइकांना पुरेपूर दमवलं. लोक संकट आलं की घाबरतात. हे मात्र, संकट आलं नाही की अस्वस्थ व्हायचे. चार महिने सगळं सुरळीत चाललं, कुणाचं हाड मोडलं नाही, कुठे वायर जळली नाही, की यांच्या कपाळाला आठी पडायची आणि म्हणायचे, "मास्तर, फार दिवस झाले. काहीतरी शिजतंय." मी शाळामास्तर. दिवसभर पोरांवर ओरडून घरी आल्यावर मला चहा आणि अर्धा तास शांतता हवी असायची, आणि नेमक्या त्या अर्ध्या तासात हे मला आगीच्या चार प्रकारांतला फरक समजावून सांगायचे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. ते सुभानपुऱ्यात राहायचे, आम्ही कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर. गोरव्याच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात ते कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे. मी त्यांना थट्टेनं साहेब म्हणायचो, ते मला मास्तर म्हणायचे, आणि या दोन पदव्यांवर आमचं आयुष्य निघालं.

मुळात हा माणूस असा नव्हता. लग्नात पाहिला तेव्हा तर चांगला हसतखेळत जिलबी खात होता. पण पुढे कंपनीनं त्यांना तीन दिवसांच्या शिबिराला मुंबईला पाठवलं. कारखाना जळाला, बुडाला, मालक नाहीसा झाला किंवा कॉम्प्युटरनं मान टाकली, तर दुसऱ्या दिवशी काम पुन्हा कसं उभं करायचं, हे तिथं शिकवत होते. बाकीची मंडळी म्हणे दुपारचं जेवण जेवून, जुहूची चौपाटी बघून परत आली. आमचे साडू एक लाल फाईल घेऊन परत आले, आणि त्या फायलीनं आमच्या दोन्ही घरांचं स्वास्थ्य गेलं. फायलीत प्रत्येक गोष्टीसाठी एक पान आणि पानावर रकाने. काय बिघडेल, बिघडलं तर काय करायचं, ते कुणी करायचं, आणि तो माणूस जागेवर नसला तर त्याच्या ऐवजी कोण. या शेवटच्या रकान्याचं नाव 'पर्यायी व्यक्ती'. हा रकाना त्यांचा विशेष लाडका होता. "मास्तर, जगात ज्याला पर्याय नाही असा माणूस ठेवायचाच नाही," असं ते मला पोहे खाता खाता सांगायचे, आणि पोहे माझ्या बायकोनं केलेले असायचे.

कारखान्याची पानं भरून झाली तेव्हा त्यांनी घराची पानं भरायला घेतली. एकदा ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सहज फाईल उघडली आणि त्यांना स्वतःच्या नावाचं पान सापडलं. पोळ्या: कोपऱ्यावरच्या पोळीवाल्या बाई. भाजी निवडणे: शेजारच्या बेन. पाहुण्यांशी बोलणे: मास्तरांची सौ. औषधांची आठवण: घड्याळाचा गजर. एवढ्या चार ओळींत एका बाईचा पंचवीस वर्षांचा संसार वाटून टाकलेला पाहून ताई दोन दिवस बोलल्या नाहीत. साडू माझ्याकडे आले, चेहरा पडलेला. मला वाटलं, आता पश्चात्तापाचं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "रुसवा काढण्याचं पानच नाही केलं मी. तुमच्या घरी कोण काढतं?" मी सांगितलं की आमच्याकडे ते खातं माझ्याकडेच आहे. त्यांनी लगेच खिशातून पेन काढून टिपून घेतलं.

मुलीच्या लग्नात त्यांनी दोन भटजी बोलावले. एक लग्न लावायला आणि दुसरा पहिल्याचा आवाज बसला तर. हे दुसऱ्या भटजींना आधी सांगितलं नव्हतं, पहिल्यांना तर नव्हतंच. दोघं एकाच वेळी मंडपात आले, एकमेकांकडे पाहिलं आणि जे काय समजायचं ते समजले. पहिले भटजी त्या दिवशी इतक्या चढ्या आवाजात मंगलाष्टकं म्हणाले की शेवटच्या अष्टकाला त्यांचा आवाज खरोखरच बसला, आणि दुसऱ्यांनी 'शुभमंगल सावधान' पुरं केलं. झालं. त्यानंतर पुढची दहा वर्षं कुणी त्यांच्या योजनेला हसलं की साडू ते भटजी काढायचे. आवाज कशामुळे बसला हे त्यांना कितीदा सांगितलं, पण कार्यकारणभाव त्यांच्या फायलीत नेहमी एकाच दिशेनं वाहायचा.

पावागडच्या सहलीची गोष्ट तर मी अजून विसरू शकत नाही. एका कुटुंबानं एका गाडीत बसू नये, हा शिबिरात शिकलेला नियम. म्हणून दोन्ही घरांची त्यांनी फाळणी केली. नवरे एका एस.टी.त, बायका दुसऱ्या एस.टी.त, म्हणजे काही झालंच तर निम्मं घर तरी उरेल. आमची गाडी वाटेत पंक्चर झाली. बायकांकडे पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड होतं. आमच्याकडे पत्रावळी, पाण्याचे रिकामे तांबे आणि प्रथमोपचाराची पेटी. भर उन्हात रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसून मी त्यांना विचारलं की साहेब, निम्मं घर उरलंय ते नेमकं कुठलं. त्यांनी पेटी उघडून मला ग्लुकोजची पुडी दिली. ती मी निमूटपणे चाटली.

आणि ती फोनची साखळी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता माझा फोन वाजायचा. पलीकडून फक्त तीन शब्द, "मास्तर, सराव आहे." मग मी पुढच्या दोन घरी फोन करून हेच सांगायचं, त्या दोघांनी आणखी दोघांना, आणि शेवटच्यानं साडूंना फोन करून साखळी पुरी झाल्याचं कळवायचं. कशासाठी, तर उद्या खरंच काही घडलं तर वेळ जायला नको. माझ्या चुलतभावाला फोन केला की तो "आहे जिवंत, ठेव" एवढंच बोलून पालथा व्हायचा. कंटाळा हा शब्द त्यासाठी अपुरा आहे. पण एखाद्या शनिवारी आपण फोन केला नाही, तर साडेसात वाजता स्कूटर घेऊन साडू दारात हजर व्हायचे, तेव्हा फोन केलेलाच परवडायचा.

पण या सगळ्यांवर कडी केली ती डब्यानं.

साडूंचं एक ठाम मत होतं. कामाची वस्तू दोन ठिकाणी हवी, आणि ती दोन ठिकाणं एकाच पावसात बुडता कामा नयेत. कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये वीस वर्षांची ड्रॉइंग्ज होती, प्रत्येक व्हॉल्व्हचं एकूण एक माप त्यांत. त्यांची नक्कल दर आठवड्याला टेपवर उतरवायची, एक संच कारखान्याच्या कपाटात ठेवायचा आणि दुसरा दूर कुठेतरी. दूर कुठेतरी म्हणजे आमच्या घरी. हे ठरवताना मला विचारलं नव्हतं; एका शुक्रवारी संध्याकाळी ते हातात रबरी कडीच्या झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा घेऊन आले, आमच्या मागच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडलं, हिची लोणच्याची बरणी बाजूला सरकवली आणि त्या जागी डबा ठेवून वर भिंतीला चिठ्ठी चिकटवली: 'या डब्याची जागा बदलू नये.' डब्यात पिवळ्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या तीन टेपा. पुढच्या शुक्रवारी नव्या टेपांचा दुसरा डबा येणार, हा परत जाणार. असं नऊ वर्षं चाललं. कारखान्याची जीप होती, ड्रायव्हर होता, पण हे स्वतःच स्कूटरवर यायचे. मला वाटायचं, पोह्यांसाठी येतात. चहापोहे झाले की डबा ठेवायला म्हणून मागच्या खोलीत जायचे आणि पाच-पाच मिनिटं बाहेर यायचे नाहीत. मी म्हणायचो, करू दे कपाटाचं दर्शन.

माझ्याकडे काम एकच होतं. दर मंगळवारी डबा खाली काढायचा, झाकण उघडून टेपा आहेत, कोरड्या आहेत हे बघायचं, आणि डब्याशेजारी ठेवलेल्या वहीत सही करायची. पहिले तीन मंगळवार मी बघितलं. चौथ्या मंगळवारी पेपर तपासायचे होते. मग असं लक्षात आलं की न बघता सही केली तरी सही तशीच दिसते. माणसाला एकदा हे कळलं की तो पुन्हा झाकण उघडत नाही. नऊ वर्षांच्या सह्या आहेत त्या वहीत, एकही मंगळवार चुकलेला नाही, आणि त्यांतल्या तीन सोडल्या तर बाकी सगळ्या खोट्या आहेत. आता हे सांगायला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, नुसता थकवा यायचा.

मग तो पूर आला. विश्वामित्रीला पूर येणं आम्हा कारेलीबागेतल्या लोकांना नवं नाही. पाणी येतं, तळमजल्यावरची माणसं गाद्या घेऊन वर येतात, कुणीतरी जिन्यात मगर पाहिल्याचं सांगतो, दोन-तीन दिवसांनी पाणी जातं आणि पुढे महिनाभर चिखल उपसायचा. त्या वर्षी गणपतीच्या आधी चार दिवस पाऊस थांबलाच नाही. सोमवारी दुपारपासून रस्ता दिसेनासा झाला. फोन पहिल्याच दिवशी बंद पडले, म्हणजे इतक्या शनिवारांची साखळी ज्या दिवसासाठी होती त्या दिवशी ती मुकी झाली. तळमजल्यावरच्या बेन त्यांच्या सासूबाईंना घेऊन आमच्याकडे आल्या. मंगळवारी वहीत सही करायला मी चुकलो नाही.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला खालून हाक आली, "मास्तर!" गॅलरीतून वाकून बघतो तर दुधाच्या पिशव्या वाटणारी होडी, आणि होडीत पिशव्यांच्या मधोमध रेनकोट घातलेले आमचे साडू. पूल बंद होते म्हणून छाणीवरून हायवेचा लांबलचक वळसा घालून ट्रकनं आलेले, आणि पुढे दूधवाल्यांची विनवणी करून होडीत चढलेले. त्यांनी खालूनच मला परिस्थिती सांगितली, बातम्या वाचणाऱ्यासारखी, एकही शब्द जास्त नाही. कारखान्याच्या गच्चीवरचा पाईप तुंबला होता, छतातून पाणी थेट कॉम्प्युटरच्या खोलीत पडलं. मशीन गेलं. त्याच खोलीतल्या कपाटातल्या टेपाही भिजल्या. शेठ गेली दोन वर्षं गोरव्याचं युनिट बंद करून सगळं दुसऱ्या युनिटला हलवायचं म्हणत होते. ड्रॉइंग्ज गेली असतील तर आता ते ठरवूनच टाकतील, आणि इथली दीडशे माणसं घरी बसतील. जगात आता ती ड्रॉइंग्ज फक्त माझ्या कपाटात होती. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण खोटं कशाला बोलू, काळजीच्या खाली आणखीही काहीतरी होतं. ज्या दिवसाची वाट बघताना सगळं गाव त्यांना हसलं होतं, तो दिवस आला होता आणि त्यांची तयारी झालेली होती.

मी धावत मागच्या खोलीत गेलो. ही आणि बेन गच्चीवर पावसाचं पाणी भरायला गेल्या होत्या. डबा जागेवर होता, चिठ्ठीच्या बरोबर खाली. हातात घेतला, वजन जाणवलं. भाजीच्या टोपलीला दोरी बांधून मी तो गॅलरीतून खाली सोडला. होडी हलत होती, दूधवाले घाई करत होते, आणि या गृहस्थानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक नवी वही आणि पेन टोपलीत ठेवून वर पाठवलं. सहीसाठी. मी दोरी ओढली. वहीत छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'डबा उघडून आतील वस्तू पाहिली.' त्याच्यापुढे रेघ.

खालून ते म्हणाले, "मास्तर, उघडून बघितलंत ना?"

नऊ वर्षांत त्यांनी हे मला एकदाही विचारलं नव्हतं. पाऊस तोंडावर येत होता, बेनच्या सासूबाई आतून पाणी मागत होत्या, आणि मी म्हणालो, "हो, हो, बघितलं." आणि सही करून वही टोपलीतून खाली सोडली. त्यांनी डबा रेनकोटच्या आत धरला. पावसात झाकण काढायचं नाही हा त्यांचाच नियम होता, तो त्यांनी पाळला. होडी वळली आणि कोपऱ्यावरच्या बुडालेल्या बसस्टॉपमागे दिसेनाशी झाली.

पुढचं मला त्यांच्या विभागातल्या एका इंजिनिअर बाईंनी कितीतरी महिन्यांनी सांगितलं. दुपारी शेठच्या केबिनमध्ये टेबलावर कोरडा पंचा पसरून साडूंनी डबा ठेवला. सगळे भोवती उभे. साडूंनी हात पुसले, रबरी कडी सोडवली, झाकण काढलं. आत तळाला वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावर बेसनाचे अकरा लाडू.

शेठनं वाकून बघितलं. दोन दिवस तेही धड जेवले नव्हते. त्यांनी एक लाडू उचलला, अर्धा खाल्ला, आणि शांतपणे म्हणाले, "लाडु तो सरस छे. अने ड्रॉइंग?"

साडूंनी झाकण परत लावलं. म्हणाले, "भूल मारी छे, शेठ. दुसरा डबा उचलला मी. आज संध्याकाळपर्यंत आणतो." चूक स्वतःवर घेतली, कुणाचंही नाव घेतलं नाही. सही केलेली वही त्यांच्या रेनकोटच्या खिशात होती.

झालं होतं असं. सोमवारी मागच्या खोलीची भिंत ओलीनं पाझरायला लागली, तेव्हा हिनं कपाटाला हात लावून पाहिला आणि भावजींच्या टेपा ओल धरतील म्हणून काढून, फ्लॅनेलसकट, आपल्या लोखंडी कपाटात शालूच्या घड्यांमध्ये ठेवल्या. हे तिनं मला सांगितलं, असं ती म्हणते. सांगितलं असेलही. डबा मात्र त्याच जागी ठेवला, कारण जागा बदलू नये अशी चिठ्ठी होती. आणि पाणी ओसरलं की भावजी नेहमीसारखे डबा न्यायला येणार. दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा कसा परत करायचा? तिच्या आईनं कधी केला नाही, ताईनं कधी केला नाही. गौरीसाठी केलेल्या लाडवांतले अकरा लाडू तिनं ताईसाठी त्यात भरले. तिची काहीही चूक नव्हती. त्या घरात चूक करणारा एकच माणूस होता आणि तो गॅलरीत उभा राहून सह्या करत होता.

चारच्या सुमाराला मी त्यांना पुन्हा पाहिलं. होडी नव्हती. छातीपर्यंतच्या पाण्यातून, एका हातात काठी, ती पुढे टेकत टेकत, आणि डोक्यावर डबा. वय सत्तावन्न. समोरच्या गच्चीतली माणसं ओरडून सांगत होती की काका, इकडून येऊ नका, सकाळी मगर होती. ते काठी टेकत येत राहिले. मी जिन्यात पाण्यापर्यंत उतरलो. त्यांना हात देऊन वर घेतलं. ते एवढंच म्हणाले, "टेपा आहेत ना?" मागून ही आली, कपाटातला डबा गेलेला पाहून तिला एव्हाना सगळं समजलं होतं, आणि ती रडायला लागली. "भावजी, मी शालूत ठेवल्यात," ती म्हणाली, "चांगल्या कोरड्या आहेत."

"मग उत्तम," ते म्हणाले. "कपाटापेक्षा ती जागा बरी. फायलीत दुरुस्ती करतो."

जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या जागेत, त्यांनी तीनही टेपा एकेक करून मोजल्या. मीही मोजल्या. हिनं चहा आणला. मला बोलायचं होतं. आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस मी, आणि मला सुरुवात सापडत नव्हती. "साहेब," मी म्हणालो, "सकाळी मी..."

"मास्तर, चहा निवतोय," ते म्हणाले.

टेपा वाचल्या गेल्या. तीनपैकी एक मध्येच अडखळली, पण ड्रॉइंग्ज जवळजवळ सगळी मिळाली. दहा-बारा दिवसांत कारखाना सुरू झाला आणि गोरव्याचं युनिट बंद करायचं राहून गेलं. मला वाटलं होतं, आता साडूंचा सत्कार होईल, निदान कुणी हसणार तरी नाही. तसं काही झालं नाही. कारखान्यात ती गोष्ट लाडवांची म्हणूनच राहिली. कुणी ड्रॉइंग मागितलं की दुसरा विचारायचा, बेसनाचं की रव्याचं. शेठनं पुढे हे सगळं काम अहमदाबादच्या एका कंपनीला दिलं. आता टेपा नकोत, डबे नकोत, ते तिकडे परस्पर सांभाळणार. साडू दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर त्याचा जादा सेल आणून ठेवला.

शुक्रवारी मात्र ते येत राहिले. हातात तोच डबा, आत काही नाही. "सराव मोडू नये," म्हणायचे. ही डबा भरून द्यायची, पुढच्या शुक्रवारी तो रिकामा परत यायचा. मी दर वेळी ठरवायचो की आज सांगू. साहेब, त्या दिवशी मी उघडलं नव्हतं, आणि पहिले तीन मंगळवार सोडले तर त्या आधीही कधी नाही. मग ते पोहे खात खात भूकंपाचं काहीतरी काढायचे आणि मी थकून जायचो. असे किती शुक्रवार गेले ते मोजवत नाही. सांगायची एक गोष्ट होती, ती मी सांगितली नाही.

गेल्या वर्षी ते गेले. फायलीत आग होती, पूर होता, भूकंप होता. एका साध्या गुरुवारी सकाळी दाढी करताना जाणं हे कुठल्याच पानावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळी हिनं सवयीनं पोहे भिजवले आणि मग गॅस बंद करून नुसतीच ओट्याशी उभी राहिली.

पंधरवड्यानं आम्ही सुभानपुऱ्याला गेलो तेव्हा ताईंनी लाल फाईल माझ्यापुढे ठेवली. "सगळं वाचलं मी," त्या म्हणाल्या. "माझं पान त्यांनी तेव्हाच फाडून टाकलं होतं, मला माहीतच नव्हतं. तुमचं आहे. ते तुम्ही ठेवा." आणि त्या आत निघून गेल्या.

पानावर वर लिहिलं होतं, 'कारेलीबाग'. खाली जागा, मजला, कपाट. कपाट खोडून 'शालू'. मग 'काय बिघडेल' या रकान्यात, पहिल्याच वर्षाच्या जुन्या निळ्या शाईत: 'मास्तर डबा उघडून बघत नाहीत. झाकणात कागदाचा कपटा ठेवतो, तो शुक्रवारी जागच्या जागी सापडतो.' त्यापुढे उपाय: 'जीप पाठवू नये. दर शुक्रवारी स्वतः जाऊन बघणे.' त्याखाली काळ्या शाईत, बऱ्याच नंतरची एक ओळ: 'पुरानंतर आढावा घेतला. बदल नाही.'

शेवटचा रकाना पर्यायी व्यक्तीचा. त्या फायलीत शेठच्या नावापुढे पर्याय होता, भटजींपुढे होता, वॉचमनपुढे तर दोन होते. माझ्या नावापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला होता. 'नको.'

मी ते पान घडी घालून, त्यांच्याकडे राहिलेल्या डब्यासकट, घरी आणलं. आता दर मंगळवारी मी डबा खाली काढतो, झाकण उघडतो आणि आत बघतो. हिनं त्यात काहीतरी ठेवलेलं असतंच, रिकामा ठेवणं तिला जमत नाही. मग मी वहीत सही करतो.